मुलाच्या हाती पहिला चाकू

बोरूच्या लेखणीने ज्यांनी पुस्ती गिरवली, त्या पिढीसाठी चाकू हे शिक्षणाचेच एक साधन होते. बोरू तासणे, त्याच्या टोकाला तिरका छेद देणे आणि शाई नीट उतरावी म्हणून मधोमध बारीक चीर पाडणे, ही कामे शाळकरी मुले स्वतःच करीत. इंग्रजी भाषेत घडीच्या लहान चाकूला रूढ झालेल्या नावाचा अर्थही ‘लेखणीचा चाकू’ असाच आहे. तिकडे तो पिसाची लेखणी तासण्यासाठी लागे. पुढे शिसपेन्सिल आली, टोकयंत्र आले आणि शहरी मुलांच्या दप्तरातून चाकू निघून गेला. खेड्यापाड्यांत विळा आणि खुरपे मुलांच्या हाती आजही लवकर येतात. शहरातील सदनिकेत मात्र धारेची प्रत्येक वस्तू उंच फळीवर ठेवली जाते.

या खबरदारीचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. आई-वडील दोघेही नोकरी करीत असतील, तर मूल दुपारचे काही तास घरी एकटे असते. आंबा कापावयाचा असतो, पार्सलवरची चिकटपट्टी काढावयाची असते, आणि अशा वेळी हाताला लागते ती स्वयंपाकघरातील सर्वांत मोठी सुरी. ती कशी धरावी, कोणत्या दिशेने चालवावी, निसटली तर काय करावे, हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. धारेशी मुलाची पहिली गाठ केव्हातरी पडणारच. ती कोणाच्या देखत पडावी, एवढेच पालकांच्या हाती असते. एक लहानसा, चांगल्या प्रतीचा घडीचा चाकू आणि आठवड्यातून एखादा निवांत तास, एवढ्या भांडवलावर हे शिक्षण घरच्या घरी देता येते.

वय आणि तयारी

चाकू कोणत्या वयात द्यावा, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. युरोपच्या उत्तरेकडील देशांत ही गोष्ट शाळेनेच अंगावर घेतली. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नांतून १८६६ साली लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तकौशल्याला स्थान मिळाले. शेजारच्या स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी नेस येथे याच विषयाचे शिक्षक घडविणारी संस्था चालविली आणि मुलाच्या हाती द्यावयाच्या हत्यारांत चाकूला अग्रस्थान दिले. आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नयी तालीमच्या केंद्रस्थानीही हस्तोद्योगच होता. परंतु पुढे तो बहुतेक शाळांतून मागे पडला आणि ही जबाबदारी आपोआप घरावर आली.

बँकेच्या ग्राहकांस एक गोष्ट परिचित असेल. दहा वर्षे पूर्ण झालेल्या अल्पवयीन मुलास बँकेने ठरविलेल्या मर्यादेत स्वतःचे बचत खाते स्वतः चालविता येते. चाकूच्या बाबतीतही आठ ते दहा वर्षांचा सुमार ढोबळमानाने योग्य म्हणता येईल. मात्र वाढदिवसाच्या तारखेपेक्षा मुलाचा स्वभाव अधिक पाहावा. ‘थांब’ म्हटल्याबरोबर ते थांबते काय? घेतलेली वस्तू जागेवर ठेवते काय? कात्रीने रेषेवरून कापता येते काय, संत्रे न चिरडता सोलता येते काय? वीस मिनिटे एका जागी बसून एखादे काम पुरे करते काय? ज्या मुलाला राग आवरत नाही व रागाच्या भरात हातातील वस्तू फेकण्याची सवय आहे, त्याच्यासाठी एक वर्ष थांबण्यात काहीच नुकसान नाही. मुलगा आणि मुलगी असा भेद मात्र येथे करू नये. पुष्कळ घरांत मुलीला भाजी चिरावयास लवकर बसवितात आणि चाकूची भेट मिळते ती मुलाला. दोघांनाही दोन्ही कामे शिकवावीत हे बरे.

चाकूची पारख

‘चाकू’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटांतील खलनायकाचा रामपुरी उभा राहतो. उत्तर प्रदेशातील रामपूर शहराची ही जुनी कारागिरी नावाजलेली आहे. २०२३ साली तेथील एका चौकात चाकूची भव्य प्रतिकृतीही उभारण्यात आली. परंतु बटण दाबताच किंवा खटक्यासरशी पाते बाहेर येते असा कोणताही चाकू मुलासाठी नाही. मुलाच्या चाकूचे पाते दोन्ही हातांनी, सावकाश आणि जाणीवपूर्वक उघडावे लागेल, असेच असावे.

घडीच्या चाकूचे मुख्यतः दोन प्रकार विचारात घ्यावेत. पहिल्यात मुठीच्या पाठीत पोलादी स्प्रिंग असते. ती पात्याला उघड्या अथवा मिटलेल्या स्थितीत दाबून धरते, पण अडसर असा नसतो. स्वित्झर्लंडचा प्रसिद्ध तांबडा चाकू बहुधा याच प्रकारात मोडतो. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली इबाख येथे कार्यशाळा काढली, १८९१ साली स्विस सैन्याला पहिले चाकू पुरविले, आणि १८९७ साली आज जगभर ओळखला जाणारा हलका, अनेक अवजारांचा चाकू नोंदविला. व्हिक्टोरिनॉक्स या नावात एल्सनर यांच्या आईचे, व्हिक्टोरियाचे, नाव आहे आणि शेवटी न गंजणाऱ्या पोलादाचा निर्देश आहे. दुसऱ्या प्रकारात पाते उघडल्यावर अडसर बसतो व तो मुद्दाम काढल्याखेरीज पाते मिटत नाही. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली बनविलेल्या लाकडी मुठीच्या साध्या चाकूला १९५५ साली पोलादी कडे जोडण्यात आले. ते बोटाने फिरविले की पाते उघड्या जागी पक्के होते. दोन्ही कंपन्या मुलांसाठी गोलसर टोकाचे चाकूही बनवितात.

मुलाला अडसर असलेला चाकू द्यावा की नसलेला, यावर जाणकारांत मतभेद आहेत. अडसर नसलेल्या चाकूचा धोका असा की, त्याचे टोक एखाद्या वस्तूत खुपसण्याचा प्रयत्न केला तर पाते उलट मिटते आणि बोटांवर येते. घडीच्या चाकूने होणाऱ्या वाईट जखमांपैकी ही एक होय. अडसराच्या चाकूत हे टळते. पण तो मिटताना बोट पात्याच्या मार्गात ठेवावे लागेल अशी काहींची रचना असते आणि लहान हातांना ते जमत नाही. कड्याचा अडसर या दृष्टीने सोयीचा आहे, कारण कडे फिरविताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. तेव्हा पहिला चाकू गोलसर टोकाचा व कड्याचा असावा, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. गोल टोकामुळे भोसकले जाण्याची भीती जाते. धार मात्र तशीच असते, याचा विसर पडू नये.

आकाराच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास आढळतो. मूल लहान म्हणून चाकूही अगदी लहान, किल्लीच्या जुडग्यात अडकविण्याजोगा, निवडला जातो. मिटल्यावर जेमतेम ५८ मिलिमीटर भरणाऱ्या अशा चाकूची मूठ दोन बोटांच्या चिमटीत मावते. जोर लावताच ती हातात फिरते. मूठ मुलाच्या पूर्ण पंजात बसली पाहिजे. मिटलेल्या अवस्थेत ८४ ते १०० मिलिमीटरची मूठ आणि सहा ते आठ सेंटिमीटरचे पाते हे प्रमाण बहुतेक मुलांना मानवते. अवजारांची संख्या वाढली की मूठ जाड होते, आणि बाटलीचे बूच काढण्याचे मळसूत्र दहा वर्षांच्या मुलाच्या काय कामाचे? एक चांगले पाते, फार तर एक छोटी करवत, एवढे पुरे.

दुकानात चाकू हातात घेऊन पाहावा. उघडे पाते दोन बोटांत धरून डाव्या-उजव्या अंगास हलविल्यास खिळखिळे वाटता कामा नये. मिटल्यावर पात्याचे टोक मुठीच्या खाचेत पूर्ण बुडालेले असावे. उघडण्यास मुलाच्या नखाला इजा होईल इतकी स्प्रिंग ताठ नसावी. तथापि आपोआप उघडेल इतकी सैलही नसावी. रस्त्यावर मिळणाऱ्या हुबेहूब नकला नेमक्या याच कसोटीस उतरत नाहीत. मूल डावखुरे असेल तर त्याच्याच हाती देऊन पाहावे, कारण पात्यावरील नखाची खाच बहुधा उजव्या हाताच्या सोयीने पाडलेली असते.

पोलाद न गंजणारे घ्यावे. साध्या कार्बन पोलादाला धार सहज लागते हे खरे; परंतु कोकणातील, गोव्यातील किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत ते दोन दिवसांत तांबूस होते, आणि कैरी किंवा लिंबू कापून न पुसता ठेवले तर काळे पडते.

नियम आणि कायदा

घरगुती वापराच्या लहान चाकूस परवाना लागत नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या अथवा औद्योगिक कामासाठी बनविलेले चाकू त्यातून वगळले आहेत. दिल्लीत मात्र बटणाच्या व स्प्रिंगच्या चाकूंविषयी स्वतंत्र अधिसूचना असून तीत पात्याची मर्यादा अवघी ७.६२ सेंटिमीटर लांबीची आहे. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७ व्या कलमान्वये काही काळापुरते मनाई आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यासही बंदी असते. विमानप्रवासात चाकू हातातील सामानात नेता येत नाही, तो तपासून सुपूर्द केलेल्या सामानात ठेवावा लागतो. मुलापुरते बोलावयाचे तर नियम याहून सोपा ठेवावा: चाकू शाळेत, शिकवणीला, खेळावयास किंवा मित्राच्या घरी जाणार नाही. तो मुलाचा आहे, पण राहील मोठ्यांच्या कपाटात. मागितल्यावर मिळेल आणि काम संपताच परत येईल.

शिकवण्याची रीत

पहिल्या दिवशी काहीही कापू नये. चाकू उघडणे आणि मिटणे, एवढेच करावे. मिटताना मूठ एका हाताच्या बोटांत अशी धरावी की एकही बोट खाचेवर येणार नाही, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ दाबावी. हे मुलाने न पाहता बरोबर करीपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतर जागा. जगभरच्या बालवीर पथकांत एक रीत शिकविली जाते: मिटलेला चाकू हातात घेऊन हात लांब करावा आणि स्वतःभोवती फिरावे; त्या वर्तुळात कोणी येत असेल तर चाकू उघडावयाचा नाही. अमेरिकेतील बालवीरांना हत्यारे वापरण्याची पात्रता दाखविणारे एक कार्ड मिळते आणि नियम मोडल्यास त्याचा कोपरा कापून घेण्याची प्रथा आहे. चारही कोपरे गेले की कार्ड गेले. घरीही असे कार्ड करता येईल. मुलांना त्याचे फार अप्रूप वाटते.

बसण्याच्या बाबतीत आपल्याकडे विशेष काळजी घ्यावी लागते. मांडी घालून बसण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही, कारण मग तासावयाचे लाकूड आणि पाते दोन्ही मांडीच्या वर येतात. मांडीच्या आतील बाजूने मोठी रोहिणी जाते; तेथील जखम प्राणघातक ठरू शकते. मुलाने पायरीवर किंवा स्टुलावर बसावे, पुढे झुकून दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत आणि काम गुडघ्यांच्या पलीकडे करावे. चालताना, उभ्याने, वाहनात किंवा अंथरुणावर उघडा चाकू धरावयाचा नाही.

धार नेहमी शरीरापासून दूर जाणारी असावी, हा नियम सगळेच सांगतात. परंतु मराठी घरातील मूल नेमके याच्या उलट पाहत आलेले असते. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी पात्याकडे न्यावी लागते. हातात गवार किंवा बटाटा धरून सुरी अंगठ्याकडे ओढीत चिरणारी आईही मूल रोज पाहते. तिच्या हाताला अनेक वर्षांचा सराव असतो, मुलाला तो नसतो. ते केवळ दिशा उचलते. म्हणून निदान पहिले काही महिने मोठ्यांनीही मुलासमोर फळीवर ठेवून कापावे. लाकूड धरणारा हात सदैव पात्याच्या मागे असावा. त्या हातात धारेला दाद न देणारा हातमोजा घालावा किंवा अंगठ्याला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत.

चाकू दुसऱ्याला देताना मिटून, खाली ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा. धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होते, अशी समजूत अनेक घरांत आहे. समजूत काहीही असो, रीत उत्तम आहे. युरोपात चाकू भेट मिळाला तर मैत्री तुटू नये म्हणून देणाऱ्याला एक नाणे परत देतात. मुलाकडून एक रुपया घेऊन चाकू ‘विकत’ देण्याची ही गंमत आपल्याकडेही करण्यासारखी आहे. आणखी एक गोष्ट सराव करून घ्यावी अशी आहे. पडणारी वस्तू झेलणे ही हाताची स्वाभाविक ओढ असते, म्हणून पडणारा चाकू झेलावयाचा नाही हे केवळ सांगून भागत नाही. मिटलेला चाकू चार-पाचदा मुद्दाम पाडावा आणि प्रत्येक वेळी हात मागे घेऊन पाय बाजूला करावयास शिकवावे.

पहिले काम म्हणून केळे, मग उकडलेला बटाटा, मग अंगाच्या साबणाची वडी. साबणावर मासा किंवा होडी कोरताना किती दाब लावावा याचा अंदाज हाताला येतो आणि चूक झाल्यास वडी धुण्याच्या कामी येते. त्यानंतर लाकूड. सावंतवाडीची खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होतात. आंध्रातील कोंडापल्लीचे कारागीर पोनिकीचे मऊ लाकूड वापरतात. कसबी हातांनाही मऊ लाकूडच हवे असते, तर मुलाला बाभळीचा किंवा सागाचा तुकडा देण्यात काय अर्थ? निरगुडीची ओली, करंगळीएवढी काठी पहिल्या तासणीला छान. साल पातळ निघते, आणि सोलता सोलता लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने जातात हे कळते. गाठ आली की जोर न करता काठी उलटी धरावी. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या काठ्या कदापि घेऊ नयेत, त्या विषारी आहेत. रुई, शेर यांचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक काम नको. हात दमला की चुका सुरू होतात, आणि मूल हे स्वतःहून सांगत नाही.

चाकूने डबा उघडणे, स्क्रू फिरविणे, नारळ फोडणे, झाडाच्या बुंध्यावर नाव कोरणे, ही कामे वर्ज्य.

कापले तर

एखादे वेळी बोट कापणारच. त्या वेळी ओरडू नये. मूल घाबरले की पुढच्या वेळी जखम लपविते. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवावी, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात हृदयाच्या पातळीहून वर ठेवावा. दहा मिनिटे कापड उचलून पाहू नये. हळद, कॉफीची पूड किंवा चुना जखमेत भरू नये. जखम मळते आणि डॉक्टरांना नीट पाहता येत नाही. दहा मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा विलग राहत असतील, बोटाचे पेर वाकत नसेल किंवा टोकाला बधिरता आली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. स्नायूबंध किंवा नस कापली गेल्याची ती लक्षणे असतात आणि उशीर झाल्यास बोट कायमचे अधू राहू शकते. धनुर्वाताच्या लसीची नोंद आधीच पाहून ठेवावी. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात पाचव्या-सहाव्या वर्षी बूस्टर आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी लस दिली जाते. शाळकरी वयात ती राहून जाण्याचा संभव बराच असतो.

धार आणि निगा

बोथट चाकू मुलासाठी सुरक्षित, ही कल्पना चुकीची आहे. बोथट पात्यावर जोर अधिक द्यावा लागतो आणि जोर दिलेले पाते निसटले की ते कोठे जाईल यावर ताबा राहत नाही. कागदाचा ताव हवेत धरून सहज कापला जाईल इतकी धार असावी. सुरुवातीस ती मोठ्यांनी लावून द्यावी. वर्षभरानंतर मुलाला बारीक पोताचा दगड आणून द्यावा आणि पाणी शिंपडून, पाते दगडावर साधारण वीस अंशांत कलते ठेवून, दोन्ही बाजूंस सारखे हात मारावयास शिकवावे. गल्लीत येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर हा चाकू देऊ नये. त्या वेगाने पाते तापते, पोलादाचा कस जातो आणि दोन-चार खेपांतच पाते निम्मे झिजते. काम झाल्यावर पाते पुसून कोरडे करावे, खाचेतील धूळ व भुसा दातकोरणीने काढावा आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करावे. लाकडी मूठ पाण्यात बुडविल्यास फुगते आणि पाते उघडेनासे होते. असे झाल्यास चाकू उन्हात न ठेवता सावलीत दोन दिवस वाळू द्यावा.